पोर्ट ५००५१

उद्यमबागेत, फौंड्रीच्या वरच्या मजल्यावर,
जिथं कीबोर्ड उलटा केला की बारीक काळी रेती पडते,
आम्ही तिघं
एकच प्रश्न तीन भाषांना शिकवत होतो.

प्रश्न साधा. नंबर सांगतो, वजन सांग.
खाली शेडमध्ये लगमण्णाचा काटा,
काट्यावर बिडाचं कास्टिंग,
आणि वर, एकाच धापा टाकणाऱ्या डब्यात,
शेजारीशेजारी तीन सर्व्हर.

माझा पायथनमध्ये.
विद्याश्री हत्तरगीचा गोमध्ये.
इराप्पा गुंजीकरचा सी प्लस प्लसमध्ये,
कारण त्याच्या मते बाकी सगळे लाड.

तिघांच्या मध्ये एक करारपत्र, चाळीस ओळींचं.
काय विचारायचं, काय द्यायचं, आकडा किती रुंद.
घरात कोण काय बोलतं
ही चौकशी त्यात नाही.

सतरा नंबर पाठवला.
तिघांकडून एकच उत्तर, बेचाळीस किलो दोनशे.
इराप्पानं खिशातनं चिरमुरे काढले.
"झालं की. चला घराकडं."

विद्याश्री उठली नाही.
ती टेस्ट लिहिते ते तिची आई गोकाकात तांदूळ निवडते तसं,
तांदळाकडं बघतच नाही.
तिनं अठरा पाठवला,
जो अजून साच्यात होता.

गो म्हणाला, शून्य.
अगदी सभ्यपणे,
जणू फुंकर मारली तर अठरा नंबर
मच्छेपर्यंत उडत जाईल.
माझा पायथन म्हणाला, काहीच नाही,
आणि तिथंच आडवा झाला
तेवीस लाल ओळी ओकून.
सी प्लस प्लस छाती काढून म्हणाला,
तीन कोटी बारा लाख किलो.
आधी कुणीतरी वापरून सोडलेल्या मेमरीतला गाळ तो,
त्यानं धुतलाच नव्हता.

मग भांडण. रात्रीचे सव्वाअकरा.
शून्य म्हणजे नाही का?
नाही म्हणजे शून्य का?
"जे नाही ते विचारूच नये की," इराप्पा म्हणाला,
तोंडात चिरमुरे.

मी खिडकी उघडून खाली ओरडलो,
"लगमण्णा, अठराचं वजन किती?"
ग्राइंडरच्या आवाजातनं, मान वर न करता,
"इन्नू बंदिल्ल!"

अजून आलं नाही.

माझ्या आधी माझे काका याच खिडकीतनं विचारायचे,
मराठीत.
तो कन्नडात सांगायचा.
बावीस वर्षांच्या वह्या कपाटात आहेत,
आकडे कुठं सांडलेले दिसत नाहीत.
बाहेर पाट्यांवरनं व्हायचं ते झालं,
काळं फासलं, पुसलं, परत रंगवलं,
काटा एक ग्रॅम हलला नाही.

आणि आमच्या चाळीस ओळींत
वाट बघायला जागाच ठेवली नव्हती.

एक्केचाळिसावी ओळ विद्याश्रीनं घातली.
नाव काय द्यायचं यावर अर्धा तास.
नावं इंग्रजीत ठेवायची असा नियम आहे,
तो एवढ्यापुरता मोडला.
लगमण्णाचं वाक्य जसंच्या तसं,
फक्त मधली मोकळी जागा काढून.

थांबायचं किती, यावर वेगळं भांडण.
मी तीन सेकंद म्हटलं, इराप्पा पाच.
विद्याश्री म्हणाली, "साचा निवायला किती लागतं
ते खाली जाऊन विचारा की आधी."
कोणी गेलं नाही. चार ठेवले.

पुन्हा अठरा पाठवला.
पहिल्यानं सांगितलं, इन्नू बंदिल्ल.
दुसऱ्यानं सांगितलं.
तिसऱ्यानं जरा थांबून, पण सांगितलं.
पडद्यावर हिरवं झालं,
आणि कुणीच काही बोललं नाही.

पहाटे साडेपाचला अठरा नंबर आला,
कोमट, कडेला रेती चिकटलेली.
खालून हाक, "बंतू!"
शेहेचाळीस किलो तीनशे, दोघांनी सांगितलं.
इराप्पाचा अजून म्हणतोय
शेहेचाळीस पॉइंट दोन नऊ नऊ नऊ नऊ
आणि इराप्पा झोपलाय
कीबोर्डवर गाल टेकून,
करारपत्राच्या फाईलीत
एकच अक्षर
उमटत चाललंय.